माज हरणाचा, माज माणसाचा

अपंग माणसानं शिकार करावी का? तीही हरणाची, आणि तीही हरीण माजावर आलेलं असताना?

हा प्रश्न आपल्या पानांत कशाला, असं कुणी म्हणेल. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीनं शिकार जवळजवळ पुरती बंद आहे. आपले प्रश्न गायरानाचे, शिष्यवृत्तीचे, अ‍ॅट्रॉसिटीच्या केसचे. हरणाचं इथं काय काम?

काम आहे. या प्रश्नात समता आणि करुणा एकमेकींसमोर उभ्या राहतात. आपण दोघींचं नाव घेतो. समतेचं भाषणात घेतो, करुणेचं वंदनेत घेतो. पण दोघींचं भांडण लागलं तर कुठं उभं राहायचं, हे ठरवायची पाळी आपल्यावर सहसा येत नाही. अमेरिकेतल्या अपंग शिकाऱ्यावर ती दर नोव्हेंबरात येते. म्हणून त्याची गोष्ट घेतो. मी स्वतः पोलिओचा, कुबडीवर चालतो. तेव्हा त्याच्याविषयी बोलताना दयेचा गळा काढायची मला गरज नाही.

शब्द 'अपंग' हाच वापरतो. २०१५ च्या अखेरीपासून सरकार आम्हाला 'दिव्यांग' म्हणू लागलं. 'हरिजन' या शब्दाचं आपण काय केलं ते तुम्हाला ठाऊक आहे. देवाचं नाव चिकटवलं म्हणून माणसाची जागा बदलत नाही. अंग दिव्य झालं, कचेरीच्या पायऱ्या तेवढ्याच राहिल्या.

आता आधी गोष्ट समजून घेऊ. उत्तर अमेरिकेत पांढऱ्या शेपटीचं हरीण असतं. दिवस लहान होऊ लागले की नराच्या अंगात बदल सुरू होतो. सप्टेंबरात शिंगांवरची मखमल झडते. मग तो झाडांना शिंगं घासतो, खुरानं जमीन उकरून तिथं आपला वास ठेवतो, दुसऱ्या नराशी टकरा घेतो. उत्तरेकडच्या राज्यांत नोव्हेंबरच्या मध्याला माज शिगेला जातो. मादी जेमतेम एक दिवस माजावर असते. तो दिवस हुकला तर साधारण अठ्ठावीस दिवसांनी पुन्हा. त्या एका दिवसापायी नर खाणं विसरतो, वजनाचा पाचवा-चौथा हिस्सा गमावून बसतो. एरवी पान हललं तरी पळणारं जनावर भरदिवसा उघड्यावर हिंडतं. मोटारींखालीही येतं. शिकारी याचीच वाट बघत असतात. मिशिगन राज्यात बंदुकीचा हंगाम १५ नोव्हेंबरला उघडतो, शेजारच्या विस्कॉन्सिनमध्ये थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी. आपल्याकडे जत्रेला गाव लोटतं, तसं तिथं रानाकडे लोटतं.

धडधाकट शिकारी हरणाच्या मागावर जाऊ शकतो. चाकाच्या खुर्चीतला जाऊ शकत नाही. तो एका जागी लपणात बसून राहतो. वर्षभरात हे थोडेच दिवस असे, की हरीण स्वतःच्या पायानं त्याच्यासमोर येण्याची खरी आशा असते. म्हणून अपंग शिकाऱ्याला माजाचा हंगाम धडधाकटापेक्षाही जास्त महत्त्वाचा.

तिथल्या कायद्यानं त्याला काही सोयी दिल्यात. मोटारीतून गोळी झाडणं एरवी गुन्हा. पण मिशिगन, विस्कॉन्सिनसारख्या राज्यांत अपंगाला परवाना काढून उभ्या गाडीतून झाडता येते. दंडात धनुष्य ओढायची ताकद नसेल त्याला क्रॉसबो, म्हणजे बंदुकीसारखा दस्ता आणि घोडा असलेलं धनुष्य. मानेखाली शरीर लुळं असलेला माणूस तोंडातल्या नळीत फुंकर मारून किंवा श्वास ओढून घोडा दाबतो. टेक्सासनं तर २००७ साली कायदा करून अंध माणसाला, डोळस सोबत्याच्या मदतीनं, लेसर लावलेल्या बंदुकीनं शिकार करायची मुभा दिली.

इथं पुष्कळांना हसू येतं. 'हा कसला शिकारी? दुसऱ्यानं उचलून बसवायचा, दुसऱ्यानं नेम सांगायचा.' असं म्हणणाऱ्याला मी विचारतो, आपल्या संस्थानिकांच्या शिकारीचे फोटो बघितलेत का? राजा मचाणावर नाहीतर हत्तीवर. खाली वेठीला धरलेले हाकेवाले. डबे बडवत, ओरडत, काट्याकुट्यातनं रान उठवणारे. जनावर राजाच्या नळीसमोर आणून उभं करायचं काम त्यांचं. जखमी जनावर उलटलं तर मरायचं कामही त्यांचंच. बंदूक भरून देणारा वेगळा, धूड ओढणारा वेगळा, सोलणारा वेगळा. राजानं फक्त बोट वाकवायचं. त्या राजाला कुणी पांगळा म्हटलं नाही. मेलेल्या जनावरावर पाय ठेवून तो फोटोत उभा राहिला आणि शूर ठरला.

चाकाच्या खुर्चीतला माणूस एका सोबत्याची मदत घेतो, त्याच्या राजीखुशीनं घेतो, तर तो परावलंबी! म्हणजे मदत घेण्यात लाज नाहीच. कुणाची मदत मोजायची आणि कुणाची झाकायची, एवढंच काय ते ठरलेलं आहे. ज्यांच्या हाती सत्ता आहे त्यांची मदत दिसत नाही, ती त्यांची 'व्यवस्था' असते. राखीव जागेवर बोलणाऱ्यांचं तोंड ज्यांनी बघितलंय त्यांना हे जास्त सांगायला नको.

आणि अपंगपण निसर्गच देतो असंही नाही. महाभारतातलं आदिपर्व आठवा. पांडव शिकारीला निघालेत. त्यांचं कुत्रं रानात भुंकतं आणि निषादाच्या एकलव्याचे बाण त्याचं तोंड बंद करतात. पुढचं सगळ्यांना पाठ आहे. अंगठा गेल्यावरही एकलव्य उरलेल्या बोटांनी बाण सोडत राहिला, पण पहिला वेग राहिला नाही, असं ती कथाच सांगते. एका शिकारीच्या दिवशी एका शिकारी जमातीच्या पोराला अपंग केलं गेलं, का तर राजपुत्राचा पहिला नंबर जाऊ नये. तिकडचा कायदा दुबळ्या दंडाच्या माणसाच्या हातात क्रॉसबो ठेवतो. इकडच्या धर्मकथेनं धनुष्य येणाऱ्याचा अंगठा काढून घेतला, वर त्याला गुरुदक्षिणा म्हटलं.

म्हणून अमेरिकेची आरती करायचं कारण नाही. विस्कॉन्सिनच्या ज्या उत्तर भागात आज ही शिकार चालते तो ओजिब्वे आदिवासींचा मुलूख. १८३७ आणि १८४२ च्या तहांत त्यांनी जमीन सोडली, शिकारीचा आणि मासेमारीचा हक्क राखून ठेवला. तो हक्क कोर्टानं मान्य करायला १९८३ साल उजाडलं. त्यानंतर ते भाल्यानं मासे मारायला तळ्यावर गेले, तर गोऱ्यांचे जमाव काठावर शिव्या आणि दगड घेऊन उभे. आपल्याकडे फाशात हरीण धरणारा म्हणून ज्याचं नाव फासेपारधी पडलं, त्याच्या गळ्यात इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याचा फास आला. १९५२ साली देशभर 'विमुक्त' केलं म्हणतात, तरी चोरी झाली की पोलीस आधी पारध्याच्या पालावर जातात. राजा मारी ती मृगया, साहेब मारी तो खेळ, पारधी मारी तो गुन्हा. शिकारीचं नीतिशास्त्र बोलायचं तर ही वही आधी उघडावी लागते.

अपंगांच्या सोयीही तिथं आपोआप आल्या नाहीत. १९७३ च्या पुनर्वसन कायद्यात ५०४ क्रमांकाचं कलम होतं. सरकारी पैशावर चालणाऱ्या कुठल्याही कामात अपंगाला वगळायचं नाही, एवढंच त्याचं म्हणणं. पण नियम काही निघेनात. ५ एप्रिल १९७७ ला सॅन फ्रान्सिस्कोत शंभरावर अपंग कार्यकर्ते सरकारी इमारतीत घुसले आणि तीन आठवड्यांवर तिथंच ठाण मांडून बसले. कुणाला रात्री कूस बदलायलाही माणूस लागत होता, तरी बसले. त्यांना रोजचं गरम जेवण कुणी पोचवलं? ब्लॅक पँथर पक्षानं. त्या पक्षाचा ब्रॅड लोमॅक्स स्वतः चाकाच्या खुर्चीत, त्या ठिय्यात होता. २८ एप्रिलला नियमांवर सही झाली. पुढं १२ मार्च १९९० ला वॉशिंग्टनमध्ये अपंगांनी खुर्च्या, कुबड्या बाजूला टाकल्या आणि संसदेच्या पायऱ्या सरपटत चढल्या. त्याच वर्षी २६ जुलैला अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा झाला. ज्या पँथरचं नाव १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी उचललं, त्या पँथरनं अपंगांच्या लढ्याला भाकरी दिली. आपल्या इतिहासाचं हे पान आपल्या शिबिरांत मी कधी ऐकलं नाही. ते सांगितलं पाहिजे.

आता सोयींतली एक मेख बघा. विस्कॉन्सिनमध्ये अपंगांसाठी बंदुकीचा वेगळा हंगाम असतो, ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारपासून नऊ दिवस. थंडी कमी, गर्दी कमी. हेतू चांगलाच आहे. पण तेव्हा माज भरात आलेला नसतो. जत्रा नोव्हेंबरात आणि याला आदल्या महिन्यात रिकाम्या मैदानात फिरवून आणायचं. ज्याला ते सोयीचं वाटतं त्यानं जरूर जावं. पण तेवढंच देऊन 'तुमचं झालं की' म्हणाल, तर ती हॉटेलातली वेगळी कपबशी झाली. चहा तोच, कपही धुतलेला, पण ठेवलेला बाहेरच्या फळीवर. नोव्हेंबरात, सगळ्यांच्यात, सगळ्यांच्या बरोबरीनं बसायची जागा मिळते की नाही, हा खरा सवाल.

तेव्हा माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर साफ आहे. जिथं धडधाकटाला हरीण मारायचा हक्क आहे, तिथं अपंगाला तो असलाच पाहिजे. त्याच दिवसांत, त्याच रानात, त्याला पेलेल त्या हत्यारानं. शिकार चांगली की वाईट, हे अपंगाचं दार अडवून ठरवायचं नाही.

पण इथं थांबलो तर आपण अर्धवट राहू. हक्क मिळणं वेगळं आणि हक्काची गोष्ट चांगली असणं वेगळं. हा फरक आपल्याला बाबासाहेबांनी शिकवला. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर तहान हा मुद्दा नव्हता, माणूस म्हणून बरोबरी हा मुद्दा होता. १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात ते लोकांना घेऊन उभे राहिले. १९३५ साली येवल्याला तो धर्मच सोडायची घोषणा केली. १९५६ साली नागपुरात सोडून दाखवला. कुणी याला विसंगती म्हणतात. मला ती दिसत नाही. बंद दाराबाहेर उभं राहून 'मला आत यायचंच नव्हतं' म्हणणाऱ्याला काय किंमत? ज्याला मारताच येत नाही त्याच्या अहिंसेलाही तेवढीच किंमत. आधी हक्क, मग त्या हक्काचं काय करायचं याचा निवाडा, आणि तो निवाडा ज्याचा त्यानं करायचा.

मग निवाडा कशावर करायचा? माजावरचं हरीण मारणं हे पापच, असं म्हणणारे आहेत. त्यांच्या बाजूला पांडूची गोष्ट आहे. पांडूनं समागमात असलेली हरणाची जोडी मारली. नर निघाला किंदम ऋषी. त्यानं शाप दिला. पण शापाची भाषा नीट बघा. ऋषी म्हणतो, राजानं हरीण मारण्याबद्दल माझी तक्रार नाही. तू आमचं होईपर्यंत थांबला नाहीस, ही तक्रार. म्हणजे मारणं मंजूर, वेळ चुकली. आणि ही दाद तरी कुणाला मिळाली? हरणाच्या कातड्यात ऋषी होता म्हणून. जे हरीण नुसतं हरीणच होतं त्याच्यासाठी कुणी शाप दिला नाही. आपल्याकडच्या करुणेची मूळ खोड ही आहे. ती आधी विचारते, आत कोण आहे?

अमेरिकेतल्या साहेबी शिकाऱ्यांचं वेगळं शास्त्र आहे. थिओडोर रुझवेल्टनं १८८७ साली मित्रांना घेऊन बून अँड क्रॉकेट क्लब काढला. त्या परंपरेतली नीती अशी, की जनावराला निसटायची रास्त संधी द्यावी. ऐकायला बरं वाटतं. पण हरणाच्या बाजूनं बघा. हरीण आपल्याशी कुस्ती खेळायला आलेलं नाही. पाठलाग होऊन, धापा टाकत, भेदरून मरणं चांगलं, की मादीच्या वासामागे जाताना एका नेमक्या गोळीनं काही कळायच्या आत मरणं चांगलं? 'रास्त संधी' ही बरीचशी शिकाऱ्याच्या मिशीसाठी आहे. आणि एक नर गेला म्हणून पाडसं जन्मायची थांबत नाहीत, दुसरा नर असतोच. तेव्हा माजाचा महिना हा पापाचा महिना आहे, हे मला पटत नाही.

मला पटतो तो बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली निघालेल्या ग्रंथात दाखवलेला फरक. मारण्याची गरज वेगळी, मारण्याची इच्छा वेगळी. बुद्धाची अहिंसा त्यांनी आंधळा नियम म्हणून मांडली नाही, तत्त्व म्हणून मांडली. नियम पाळायचा असतो, तत्त्व वापरून डोकं चालवायचं असतं.

चालवून बघू. एक माणूस, खुर्चीतला, कमाई थोडी. एका हरणापासून वीस-पंचवीस किलो निव्वळ मांस निघतं, हिवाळ्याची बेगमी होते. तो माजावरचा नर मारतो कारण तेव्हाच त्याला मारता येतो. ही गरज. त्याला नावं ठेवायचा अधिकार बाजारातनं मटण आणणाऱ्याला नाही. ज्यांनी २०१५ साली महाराष्ट्रात बैलाच्या मांसावरही बंदी आणून गरिबाच्या ताटातला घास काढला, त्यांना तर मुळीच नाही.

दुसरी गरज रानाची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाजारू शिकारीनं ही हरणं काही लाखांवर आली होती. आज ती अंदाजे तीन कोटी आहेत. लांडगे माणसानं बहुतेक ठिकाणांहून संपवले. हरणं वाढली की रोपं खातात, कडक हिवाळ्यात उपासमारीनं मरतात. संख्या आटोक्यात ठेवणं खरंच गरजेचं आहे. पण ती माद्या मारून आटोक्यात येते. म्हणून मोठ्या शिंगांचा नर भिंतीवर टांगण्यासाठी मारायचा आणि वर 'मी निसर्गाचा तोल राखतो' म्हणायचं, हे ढोंग. मग तो दोन पायांवर उभा असो की दोन चाकांवर.

तिसरा माणूस अवघड. अपघातात पाय गेले. बाप, भाऊ, दोस्त दर नोव्हेंबरात रानात जातात, हा घरी खिडकीशी. त्याला परत त्यांच्यात बसायचंय. ही गरज खोटी नाही, मी तर ती भाकरीइतकीच खरी मानतो. पण ती गरज रानात जाण्याची आहे, शेकोटीभोवतीच्या जागेची आहे. गोळीची नाही. ती गोळी झाडताना त्याच्या मनात 'आता मी पुन्हा मर्द झालो' असं असेल, तर मी त्याला थांबवीन. कारण हे गणित आपल्या ओळखीचं आहे. बाबासाहेबांनी जातीला पायरीपायरीची विषमता म्हटलं. वरच्यानं मला तुडवलं, मी खालचा शोधतो. अपमानाची भरपाई आणखी दुबळ्याच्या अंगावर काढायची. हरणाच्या खाली तर कुणीच नाही. हरणाचा माज महिनाभराचा, हिवाळ्यात शिंगं गळून पडली की संपला. माणसाचा माज दुसऱ्याला मारून उंची मोजतो, आणि तो पायांत असतो असं थोडंच आहे?

आणि साधनांत सवलत मिळाली म्हणजे जबाबदारीत मिळाली असं नाही. छातीत नीट लागलेलं हरीणसुद्धा धावत जातं. अर्धा तास थांबून रक्ताच्या मागावर जावं लागतं. पोटात लागलं तर काही तास थांबावं लागतं, मग दाट रानात हुडकावं लागतं. खुर्चीतल्या माणसाला ते जमत नाही. मग त्यानं घोडा दाबायच्या आधी माग काढणारा सोबती ठरवलेला असला पाहिजे. अंतर जवळचं धरलं पाहिजे. शंका असेल तर बोट मागं घेतलं पाहिजे. 'मी अपंग, मला हुडकता आलं नाही' हे कारण त्या तडफडणाऱ्या जनावरापुढं चालत नाही. त्याच्या वेदनेत आरक्षण नाही.

मित्रांनो, आता आपल्या घरात या. आपल्या बैठका जिन्यावरच्या खोलीत होतात. अपंग कार्यकर्ता आला तर दोघं त्याला उचलून वर नेतात, टाळ्या पडतात, पुढच्या खुर्चीवर बसवून हार घालतात. मग कामं वाटताना त्याचं नाव कुणी घेत नाही. तो चुकीचं बोलला तरी कुणी खोडत नाही. 'जाऊ दे, बिचारा.' हा बिचारेपणा म्हणजे ऑक्टोबरचा हंगाम. बैठक तळमजल्यावर घ्या. मोर्चाचा वेग त्याला जमेल असा ठेवा. हिशेबाची वही, पोलीस स्टेशनची फेरी, भाषणाची तयारी यातलं काम त्याला द्या. आणि काम बिघडलं, पैशाचा घोळ झाला, बायकोवर हात उचलला, खालच्या जातीच्या माणसाला तो हिडीसफिडीस करून बोलला, तर इतरांना विचारता तसा त्याला उभ्या बैठकीत जाब विचारा. त्याला उभं राहता येत नसेल तर बसून देऊ दे. पण द्यायला लावा.

जय भीम.